तीन खाचांचा कठडा

काशीराम परबाने हयातीत चारशे घरं बांधली, आणि त्यातल्या एकाही घरात माणूस राहिला नाही. झोपला तर दिग्दर्शकाने सांगितलं म्हणून झोपला, आणि ‘कट’ म्हटल्यावर उठून चहाला गेला. गोरेगाव पूर्वेच्या स्टुडिओंत काशीराम चाळीस वर्षं सेटिंगचा सुतार होता. राजवाडा म्हणा, कोर्ट म्हणा, खेड्यातलं देऊळ म्हणा, सगळं त्याने बांबू, प्लाय आणि खिळ्यांवर उभं केलं, वरून प्लास्टर ऑफ पॅरिसचा हात मारला. पंधरा दिवसांत उभं, आणि शूटिंग संपलं की एका दुपारीत आडवं.

त्याची एक गोष्ट गोराईत सगळ्यांना पाठ आहे. एका हवेलीसाठी त्याने जिना केला होता. बारा पायऱ्या, वर नक्षीचा कठडा, आणि बाराव्या पायरीनंतर नुसती हवा, कारण कॅमेरा तेवढंच बघणार होता. नवा नट रागारागाने जिना चढून जाणार होता. तो पठ्ठ्या इतका रागावला की तेरावी पायरीही चढला. खाली गाद्या टाकलेल्या होत्या म्हणून निभावलं. गादीवर पडल्या पडल्या त्याने विचारलं, पुढचा जिना कुठाय? काशीराम अदबीने म्हणाला, पुढचा कागदावरच नाही, साहेब.

ही गोष्ट सांगताना काशीराम दर वेळी एक पायरी वाढवायचा. पण ते असो. सांगायचं आहे ते त्याच्या चारशेएकाव्या बांधकामाबद्दल, जे त्याने सत्तरीत, स्वतःच्या दारात केलं, आणि दोनदा केलं.

बोरिवलीला गोराईत म्हाडाची बैठी घरं आहेत. मधे सामाईक चौक आणि चौकाभोवती एकाला एक लागून घरं. घर देताना प्रत्येकाला दारापुढे थोडी मोकळी जागा होती. चाळीस वर्षांत लोकांनी ती हळूहळू आत घेतली. कुणी स्वयंपाकघर पुढे ओढलं, कुणी मुलाच्या लग्नात खोली काढली, कुणी शटर लावून झेरॉक्सचं दुकान घातलं. काशीरामने वर माडी चढवून घेतली, पण पुढची जागा तशीच ठेवली. बारा फूट लांब, दहा फूट रुंद. त्याला तो ‘खळा’ म्हणायचा. कणकवलीकडे अंगणाला खळाच म्हणतात, आणि या काँक्रीटच्या तुकड्याला आपण अंगणाचा मान दिला नाही तर दुसरं कोण देणार, असं त्याचं म्हणणं.

त्या खळ्याची खरी मालकीण नलिनी, त्याची बायको. सकाळी तुळशीला पाणी, मग तिथेच पाट टाकून भाजी निवडणं, मे महिन्यात आमसुलं वाळत घालणं, न्हाल्यावर केस उन्हात सोडून बसणं. आणि हे सगळं करताना चौकाच्या पलीकडे राहणाऱ्या राधाशी मोठ्याने गप्पा. राधा म्हणजे राजाराम इंगळ्याची बायको. इंगळे मूळचे अकोल्याकडचे. राजाराम गवंडी, उभी हयात फुटपाथ बसवण्यात गेली. दोघी बायका आपापल्या दारात बसून बोलायच्या, आणि मधल्या चौकातून जाणाऱ्याला त्या बोलण्याखालून वाकून गेल्यासारखं वाटायचं.

मग नलिनीच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. उशिरा कळलं. या दुखण्याची रीत अशी की आधी कडेचं दिसणं जातं, आणि समोरचं शाबूत असतं म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, गेलं ते परत येत नाही, पण थेंब नेमाने घातले तर उरलंय ते राहील. उरलं होतं ते एखाद्या नळकांड्यातून बघावं तेवढं. समोरच्या माणसाचा चेहरा दिसायचा, पण त्याने पुढे केलेला चहाचा कप दिसायचा नाही. दसऱ्याच्या सुमाराला तिला उंबऱ्याबाहेरची सात इंचांची पायरी दिसली नाही. मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हात बरा झाला, पण नलिनी बाहेर येईना. आतल्या खोलीत खिडकीशी बसून राहायची. राधा यायची, बसायची, पण आत बसून त्या दोघींना बोलताच येईना. हळू आवाजाची सवयच नव्हती.

मुलगा सुशांत सरळ माणूस. माडीवर बायकोसह राहतो, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे, त्यामुळे अपघात कसा होतो हे त्याला सगळ्यांच्या आधी दिसतं. तो म्हणाला की ही पुढची जागा आता बंद करू, जमीन घराच्या पातळीला उचलू, वर पत्रा, पुढे ग्रिल. आईला एक खोली मिळेल, पडायची भीती नाही. बोलणं चूक नव्हतं. काशीराम नुसता म्हणाला, "खळा गेला तर ती बसतली खंय?"

"आता तरी कुठे बसते, बाबा?"

बराच वेळ वाद झाला. शेवटी सुशांतची बायको ऋतिका मधे पडली आणि तिने तोड काढली. शिमग्यापर्यंत थांबायचं. तोवर आई कुणाचा हात न धरता, एकटी, बाहेर जाऊन बसली तर अंगण राहील. नाही बसली तर एप्रिलमध्ये पत्रा. सुशांतने मान्य केलं. काशीरामनेही केलं, आणि मनातून तो खूशच झाला. सेटिंगवाल्याला तीन महिने म्हणजे काय? तीन महिन्यांत त्याने एकदा अख्खं बंदर बांधलं होतं, बोटीसकट.

नलिनीला मात्र कुणी काही विचारलं नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

काशीरामची काम करायची पद्धत अशी होती की आधी जमिनीवर चुन्याने आखायचं, खऱ्या मापात. ही विद्या स्टुडिओतली नव्हे, गावच्या शाळेतली. चौथीत गुरुजींनी शाळेच्या अंगणात राखेने भारताचा नकाशा काढायला लावला आणि एकेका पोराला एकेका शहरावर उभं केलं. काशीराम मुंबईवर उभा राहिला. त्याचे पाय ओले झाले होते हे त्याला अजून आठवतं, कारण अरबी समुद्राच्या जागी पाण्याचा रांजण होता आणि तो गळत होता. तेव्हापासून कागदावरच्या नकाशावर त्याचा विश्वास नाही. ज्यावर उभं राहता येतं तो नकाशा.

पण या वेळी चुना हातात घेण्याआधी त्याने एक शक्कल लढवली. नलिनीला नळकांड्यातून दिसतं ना? मग आपणही तसंच बघायचं. जुनं कॅलेंडर गुंडाळून त्याने डोळ्याला लावलं आणि दारात खुर्ची टाकून बसला. असा चार दिवस बसला. चौकातून राजाराम जाता-येता बघायचा. एकदा थांबून म्हणाला, "काय बाप्पा, गलबत दिसलं का?"

काशीरामला काय दिसलं होतं, तर चौकट. चाळीस वर्षं ज्या चौकटीसाठी हातोडा चालवला तीच. त्याला वाटलं, हे तर आपलं रोजचं काम. नलिनीचा डोळा म्हणजे कॅमेरा, दार म्हणजे कॅमेऱ्याची जागा. दारातून जेवढं दिसतं तेवढ्यात स्वर्ग उभा करायचा.

आणि त्याने केला. खोटं कशाला सांगा, देखणं काम झालं. समोर टोकाला लाल विटांची भिंत, म्हणजे पीओपीच्या विटा, पण राजारामसारखा गवंडीही दोन पावलांवरून फसला. भिंतीवर बांबूची कमान, कमानीवर कृष्णकमळाचा वेल. बरोबर मध्यावर तुळशीवृंदावन. दोन्ही कडांनी कुंड्यांच्या रांगा, चढत्या उंचीच्या. जमिनीला विटकरी रंग, पायरीलाही तोच, सगळं एकसंध दिसावं म्हणून. शेवटी भिंतीखाली बसायला बुटका, नक्षीदार बाक. संक्रांतीला काम पुरं झालं. चौकातल्या पोरी हळदीकुंकवाच्या साड्या नेसून कमानीखाली फोटो काढायला रांगेत उभ्या राहिल्या. ऋतिकाने फोटो टाकले, तिच्या मालाडच्या ऑफिसातल्या लोकांनी विचारलं की हे रिसॉर्ट कुठलं. काशीराम दोन दिवस तरंगत होता.

एकटा राजाराम बाहेरच उभा होता. काशीरामने त्याला आत बोलावलं, तर म्हणाला, "येतो ना. पण शूटिंग कधी संपतं ते आधी सांग. अंगावर पडायला नको."

नलिनी दारात खुर्चीवर बसली. बराच वेळ बघत राहिली. "बरा दिसता," म्हणाली. आणि उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशीही तसंच. आठ दिवस तसंच. दारापर्यंत यायची, बघायची, बरं म्हणायची, परत फिरायची. काशीराम स्वतःची समजूत घालत राहिला की थंडी आहे, गुडघा दुखत असेल, सवय व्हायला वेळ लागतो.

जानेवारीच्या शेवटी एक दिवस काशीराम कोथिंबीर आणायला मार्केटला गेला होता. परत आला तर फाटकातून त्याला नलिनी दिसली. बाहेर होती. एकटी. त्याच्या छातीत आनंद मावेना, हाक मारणार एवढ्यात त्याच्या लक्षात आलं की ती चालत नाहीये. भिंतीपासून दोन पावलांवर, भर उन्हात उभी आहे आणि एक हात समोर हवेत धरलाय, चाचपत. एक चप्पल पायरीपाशी पडलेली. मधे कुंडी कलंडून माती सांडलेली. पुढे जावं तर आधाराला काही नाही, मागे वळावं तर कुठून आलो ते कळत नाही, अशी ती कोण जाणे किती वेळ उभी होती.

तो धावणार तोच तिने दोन पावलं टाकली आणि तिचा हात विटांच्या भिंतीला लागला. हायसं वाटून तिने सगळा भार त्या भिंतीवर टाकला. कर्र आवाज झाला आणि हात मनगटापर्यंत आत गेला.

काशीरामने तिला सावरलं. काही लागलं नव्हतं. तिने हात बाहेर काढला, पांढरी भुकटी झटकली, आणि बोटांनी भिंतीची कड चाचपून बघितली. अर्धा इंच.

"ही भिंत खरी नाय?" तिने विचारलं.

काशीरामने नाही म्हणून मान हलवली, मग लक्षात आलं की तिला मान दिसली नसेल, म्हणून मोठ्याने सांगितलं.

ती बाकावर बसली. बाक इतका बुटका की बसताना त्याला तिचे दोन्ही हात धरावे लागले. मग ती म्हणाली, "तुमी ह्यां सगळा माका बघूक केल्यात. बरा दिसता, मी नाय म्हणत नाय. पण माका बघूचा नाय ओ. माका हयसर वावरूचा आसा."

रागाने नाही म्हणाली. मीठ कमी झालंय हे सांगावं तसं म्हणाली. आणि मग तिने, जे सुरुवातीलाच विचारायला हवं होतं, ते न विचारताच सांगून टाकलं. उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात आलं की तिला काही क्षण काहीच दिसत नाही. बाहेरचं पहिलंच पाऊल म्हणूनच अंधाराचं असतं. विटकरी जमीन आणि विटकरी पायरी तिला एकच वाटते. कुंड्या तिच्या कमरेला लागतात, मग कळतं की कुंडी आहे. आणि मोकळ्या जागेच्या मधोमध असलेल्या तुळशीची तिला भीती वाटते. तुळशीची भीती, हे सांगताना तिला रडू आलं.

काशीराम त्या दुपारी जेवला नाही. संध्याकाळी हातोडा घेऊन बाहेर आला आणि स्वर्ग पाडायला सुरुवात केली. आवाज ऐकून राजाराम आला, फाटकाशी उभा राहिला. टोमणा मारायची एवढी नामी संधी त्याला आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हती. पण त्याने बघितलं, बाही दुमडली, आणि दुसऱ्या बाजूने कमान धरली.

आता दुसऱ्या वेळची गोष्ट.

सगळं मोकळं झाल्यावर काशीरामने चुन्याचं डबडं घेतलं, पण आखायला वाकला नाही. नलिनीला दारात आणलं, राधाला तिच्या मागे उभं केलं, हात न लावता, फक्त पडली तर धरायला. आणि म्हणाला, तू चाल. तुला जिथे जावंसं वाटतं तिथे जा. मी मागून येतो.

नलिनी आधी लाजली. चौकातले लोक बघत होते. मग डाव्या हाताच्या भिंतीला, शेजाऱ्यांच्या खोलीची पक्की भिंत ती, तिने हात टेकवला आणि चालू लागली. ती पाऊल उचलायची, की काशीराम तिथे चुन्याची चिमूट टाकायचा. जिथे तिचा हात आपोआप आधार शोधायचा तिथे भिंतीवर कोळशाची रेघ. मधेच ती थांबायची आणि सांगायची, हयसर तुळस होती पूर्वी. हयसर मी पाट घालूचंय. तिने तीन फेऱ्या मारल्या. संपल्यावर बघितलं तर जमिनीवर पांढऱ्या ठिपक्यांची एक वाट उमटली होती, आणि ती मधून कुठूनच जात नव्हती. भिंतीच्या कडेने जायची, टोकाला वळायची, आणि फाटकाच्या अलीकडे थांबायची.

"हा तर फुटपाथ झाला," राजाराम म्हणाला. आणि मग त्याचा चेहरा असा काही खुलला की राधाने विचारलं, काय झालं.

झालं हे की राजारामने सबंध उपनगरात फुटपाथवर त्या पिवळ्या, टिपक्यांच्या लाद्या बसवल्या होत्या. ज्यांना दिसत नाही त्यांच्या पायांना कळावं म्हणून असतात त्या. पट्ट्यांची लादी म्हणजे चालत राहा, टिपक्यांची म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे. त्याने बसवल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर वडापावची गाडी बघितली. कुठे लादीची रांग सरळ विजेच्या खांबाला जाऊन धडकायची, कारण खांब नंतर आला. इतक्या वर्षांत त्या लादीवरून एकही आंधळा माणूस चालताना त्याने बघितला नव्हता. "मले वाटे सरकारची हौस आहे," तो म्हणाला. "आता वहिनी चालतील."

मग काय, दोन म्हाताऱ्यांत जुंपली. सुतार म्हणे लाकडाने करू, गवंडी म्हणे सिमेंटने. कामाची वाटणी शेवटी जमिनीने केली: पायाखालचं राजारामचं, हाताखालचं काशीरामचं.

पहिली गोष्ट पायरी. सात इंच उंच. राजाराम म्हणाला, फुटाला इंच, म्हणजे सात फुटांचा उतार काढू. समोरच्या बाजूला दहा फूट होते, त्यामुळे दारापासून डाव्या भिंतीच्या कडेने सात फूट उतार आणि शेवटी तीन फूट सपाट, वळायला. उतारावर खरखरीत शहाबादी फरशी, पट्टे पाडलेली. उतार संपला की टिपक्यांच्या दोन लाद्या. त्यापुढे बसायच्या जागी गुळगुळीत. पाण्याचा उतार राजारामने बाहेरच्या गटाराकडे वेगळा दिला, अगदी नखाएवढा, आणि जमलाय का बघायला बादलीभर पाणी ओतून त्यात जास्वंदीचं फूल सोडलं. फूल दोनदा भिंतीशी अडकलं. तिसऱ्या वेळी, लाद्या उचलून परत बसवल्यावर, शहाण्यासारखं गटाराला गेलं.

रंगाचं ऋतिकाने सांगितलं. तिने केव्हाच बघून ठेवलं होतं की आईंना पांढऱ्या ताटात भात सापडत नाही, पण काळ्या तव्यावरची भाकरी लगेच सापडते. म्हणून उताराची मोकळी कड पांढरी केली, चार बोटं रुंद, गडद शहाबादीला लागून. बाक गडद, बाकाची कड पांढरी. "तू माका आधी कित्या सांगूक नाय?" काशीरामने विचारलं. ती म्हणाली, तुम्ही कॅलेंडरमधून बघत होता, मी म्हटलं तुम्हाला दिसलं असेल.

सावलीसाठी त्याने पत्रा नाही घातला, गावाकडे घालतात तसा माटव, म्हणजे मांडव, घातला. पण सगळीकडे सारखा नाही. दाराशी दाट, पुढे विरळ, आणखी पुढे नुसत्या पट्ट्या, म्हणजे घरातल्या अंधारातून उन्हात जाताना डोळ्यांना दमादमाने जाता यावं. यासाठी त्याने नऊ, बारा आणि चार वाजता सावल्यांच्या कडा खडूने आखल्या होत्या. कुंड्या सगळ्या उजव्या भिंतीवर टांगल्या, जमिनीवर एकही नाही. तुळस मधून उचलून वाटेच्या वळणावर, भिंतीच्या कोपऱ्यात, कमरेच्या उंचीवर ठेवली. बाकाची उंची नलिनीच्या आतल्या खुर्चीएवढी, इंचही कमी-जास्त नाही. तिने तीनदा उठून-बसून पास केली.

आणि कठडा. कठडा काशीरामने सागाचा केला, खिळ्याशिवाय. हे सांगायला सोपं आहे. चाळीस वर्षं ज्याने फक्त खिळे ठोकले, कारण पाडताना उपटायला सोपे, त्याने खाच आणि खुंटीचे सांधे करायचे म्हणजे हात विसरलेला. बाप गावाला नांगर करायचा, त्याचं काम लहानपणी बघितलेलं, तेवढ्या आठवणीवर त्याने पटाशी घेतली. पहिले दोन सांधे सैल झाले. त्यांचं त्याने राधाला लाटणं आणि सुशांतला कपाटाचं हँडल करून दिलं. तिसरा सांधा बसला. त्यावर तो स्वतः पालथा लोंबकळला, मग राजारामला लोंबकळायला लावलं. राजाराम जड माणूस. कठडा कुरकुरलासुद्धा नाही.

कठड्याच्या खालच्या बाजूला, जिथे बोटं येतात तिथे, त्याने खाचा पाडल्या. एक खाच म्हणजे उतार संपला. दोन म्हणजे तुळस. तीन म्हणजे बाक. डोळ्याला त्या दिसायच्या नाहीत, कारण खालून होत्या. चौकातल्या पोरी बघायला आल्या आणि म्हणाल्या, आजोबा, आधीचं भारी होतं. फोटो कुणीच काढला नाही.

शिमग्याला चार दिवस उरले होते. दर वर्षी पालखीला गावी जाणारे परब या वर्षी गेले नव्हते. शनिवारी सकाळी नलिनी म्हणाली, आज जातंय. आणि काशीरामला घराबाहेर काढलं. तुमी समोर असलात की माका घाई होता, म्हणाली. तो चौक ओलांडून राजारामच्या दारात जाऊन बसला. राधाने चहा दिला, तो त्याच्या हातात गार झाला. राजारामने बजावून ठेवलं होतं, तोंड उघडायचं नाही. काशीरामसारख्या माणसाला हे उपाशी ठेवण्यासारखंच.

दार उघडलं. नलिनी उंबऱ्यात थांबली, माटवाखालच्या सावलीत, डोळ्यांना उजेड ओळखीचा होईपर्यंत. डावा हात कठड्यावर आला. पाऊल उतारावर. वर माडीच्या खिडकीत सुशांत उभा होता, लिफ्टचं काम करताना दोरीकडे बघतो तसा. ती सावकाश आली. पहिल्या खाचेशी हात थांबला, पायाखाली टिपक्या आल्या. ती वळली. मग दुसऱ्या खाचेशी इतका वेळ थांबली की काशीराम अर्धा उठला. राजारामने त्याला सदऱ्याला धरून बसवलं. ती तुळशीची पानं चाचपत होती. एक खुडून तिने तोंडात टाकलं. मग पुढे. तीन खाचा. हात बाकाच्या कडेला, आणि नलिनी बसली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने पदराखालून एक पिशवी काढली, मांडीवर पदर पसरला आणि वालाच्या शेंगा सोलायला लागली. कुणालाही न सांगता तिने पिशवी आणली होती. मग मान वर करून, समोर नेमकं न बघता, पण चौकाच्या पार पोहोचेल अशा आवाजात तिने हाक मारली, "राधा, गो, घरात आसस काय?"

राधा दारातच उभी होती. तरी तीही तेवढ्याच मोठ्याने म्हणाली, "आहे ना. काय करून राहिलीस?"

चौकातून जाणारा झेरॉक्सवाला थबकला आणि सवयीने वाकून गेला.

सुशांत खाली आला तेव्हा त्याच्या खिशात टेप होती. पत्र्याची मापं घ्यायला त्याने ती दसऱ्यापासून कपाटात ठेवली होती. तो आईशेजारी बसला, दोन शेंगा सोलल्या, उठून कठडा हलवून बघितला, धंद्याप्रमाणे. हलला नाही. टेप काढून त्याने बापाच्या हातात दिली. "तुमच्याकडेच ठेवा, बाबा," म्हणाला. तेवढंच.

काशीराम आता सांगायला मोकळा झाला होता. कुठून सुरुवात करावी, उतारापासून की खाचांपासून, की थेट गुरुजींच्या रांजणापासून, या विचारात तो बाकाशी आला. नलिनीने मात्र हात वर केला. ती बसल्या जागेवरून कठड्याचं टोक चाचपत होती. सागाची गोल केलेली कड, आणि त्यापुढे काही नाही. त्यापुढे चार फुटांवर फाटक आणि मग चौक आणि मग राधाचं दार.

"कठडो हयसर संपता," ती म्हणाली. "फुडे काय?"

राजारामने काशीरामकडे बघितलं. त्याला हवेलीचा जिना आठवला असणार, कारण तो गालातल्या गालात हसत होता.

काशीराम हसला नाही. त्याने टेपचं टोक नलिनीच्या हातात दिलं, घट्ट धर म्हणाला, आणि टेप सोडत सोडत फाटकाकडे चालू लागला.